नाचणीचं साल चाळणीत घालवू नका

नाचणी, वांगं, जांभूळ, शेंगदाण्याचं लाल साल यांच्यात एक चव सारखी आहे: तुरट. ती बरीचशी फिनॉलिक संयुगांची, म्हणजे वनस्पतींतल्या फिनॉल नावाच्या रसायनांची. ही संयुगं सालीत आणि सालीलगत जास्त साठतात, आणि आपण नेमकं तेच सोलून, चाळून, गाळून टाकतो.

गरज कोणाला, ते आधी पाहा. कंबर पुरुषात ९० सेंमी किंवा स्त्रीत ८० सेंमीच्या वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषात ४० आणि स्त्रीत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. फिनॉल स्टार्च फोडणाऱ्या एन्झाइमांना थोडं अडवतात, म्हणून साखर जरा हळू चढते. न शोषलेल्या फिनॉलवर आतड्यातले जिवाणू काम करतात. गोळीइतका परिणाम यातून मिळत नाही. चालू औषध बंद करू नका.

सगळ्यात जास्त लक्ष नाचणीकडे द्या. गडद तांबूस-तपकिरी दाणा घ्या. पांढऱ्या वाणात फिनॉल कमी असतात. सालासकट बारीक दळा, चाळू नका. दोन-तीन आठवड्यांपुरतंच दळून आणा, नाहीतर पिठाला खवट वास येतो. दोन मध्यम भाकऱ्यांना साधारण ८० ग्रॅम पीठ लागतं. तेवढंच पाणी मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करून पीठ घाला, ढवळून १० मिनिटं झाकून ठेवा आणि गरम असतानाच मळा. कडा फाटल्या तर समजा पाणी पुरेसं उकळलं नव्हतं किंवा उकड थंड झाली. नाचणीत ग्लुटेन नाही, पीठ धरून ठेवतो तो शिजलेला स्टार्चच.

नाचणी सत्त्वाबद्दल मात्र गैरसमज फार. दाणे भिजवून, वाटून, कापडातून गाळून खाली बसलेला साका वाळवला की साल चोथ्यात गेलं. हातात उरतो तो मुख्यतः स्टार्च. मोड आणून केलेल्या पिठातही स्टार्च अर्धवट फुटलेला असतो, म्हणून त्याची पातळ खीर साखर लवकर चढवते. बाळाला चालेल, मधुमेह्याला नको. आणि भाकरी झाली तरी ती स्टार्चच. भातावर तिची भर घालू नका, भाताच्या जागी खा, सोबत उसळ.

वांगं चिरल्यावर काळं पडतं ते त्यातल्या क्लोरोजेनिक आम्ल या फिनॉलमुळे. तासभर पाण्यात ठेवलं तर ते पाण्यात उतरतं. आधी फोडणी करा, मग चिरा. सहा लहान वांग्यांना दोन चमचे तेल पुरतं. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा, नाहीतर वांगं तेल पीत जातं. भरायच्या कुटासाठी दाणे भाजा, पण पाखडू नका. कूट किंचित कडवट लागेल, तिखट-चिंचेत ते जाणवत नाही.

कांदा लाल घ्या. त्यातलं क्वेर्सेटिन हे फिनॉल बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं, म्हणून सुकं साल गेलं की थांबा. जाड पाकळी टाकू नका. उकडलात तर पाणी आमटीत घाला.

कोकमाच्या लाल रंगातही फिनॉलच आहेत. सहा-सात आमसुलं ग्लासभर कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, कुस्करा, जिरेपूड घाला. अमृत कोकम नको, त्यात निम्म्याहून जास्त साखरच. आगळात मीठ भरपूर, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी मोजून घ्यावं. उसळीत सोडा घालण्याची सवय सोडा. अल्कलीत ही संयुगं टिकत नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. हेच फिनॉल धान्य-भाजीतलं लोह बांधून ठेवतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला, ताटात लिंबू पिळा.

हळदीत करक्युमिन हे पिवळं फिनॉल साधारण ३ टक्के, म्हणजे अर्ध्या चमच्यात ५० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. भाजीत हळद घाला, पण तेवढ्याने साखर उतरण्याची वाट पाहू नका. करक्युमिनच्या किंवा ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका.