नाव आधी कुठे शोधलं जातं? युनिक्स सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात युनिक्स सपोर्टची पहिली नोकरी लागली, की एक तिकीट (तक्रारीची नोंद) लवकरच तुमच्या वाट्याला येतं: ‘अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसला कनेक्ट होत नाही, पण एनएसलुकअप आयपी बरोबर दाखवतंय.’ नवी मुलं हे तिकीट सरळ नेटवर्क टीमकडे ढकलतात. तसं करू नका. ते बहुतेक वेळा सर्व्हर टीमचंच काम असतं.

एनएसलुकअप, डिग आणि होस्ट या कमांड नावाचा आयपी थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नेटवर्कवरच्या नावांच्या नोंदवहीला, विचारतात. अ‍ॅप्लिकेशन मात्र सी लायब्ररीला विचारतं, आणि लिनक्सवर ती लायब्ररी ईटीसी डिरेक्टरीतल्या ‘एनएसस्विच डॉट कॉन्फ’ या फाइलमधली ‘होस्ट्स’ची ओळ बघून क्रम ठरवते. तिथे ‘फाइल्स डीएनएस’ असेल तर आधी होस्ट्स फाइल (सर्व्हरवरचीच नावं आणि आयपी यांची यादी), तिथे नाव नसेल तरच डीएनएस. म्हणजे होस्ट्स फाइलमध्ये जुना आयपी राहिला असेल, तर डीएनएस कितीही बरोबर असो, त्याला कोणी विचारतच नाही. म्हणून तपासणी ‘गेटेंट एहोस्ट्स’ने करा, पुढे सर्व्हरचं नाव. ही कमांड अ‍ॅप्लिकेशनच्याच वाटेने जाते. गेटेंट आणि डिग यांची उत्तरं वेगळी आली, की घोळ बहुधा तुमच्या सर्व्हरवरच आहे.

बँकांच्या सर्व्हरवर असा जुना आयपी बहुधा डीआर ड्रिलनंतर, म्हणजे आपत्तीत पर्यायी साइटवरून काम चालवण्याच्या सरावानंतर, सापडतो. ड्रिलसाठी दुसऱ्या शहरातल्या साइटचे आयपी होस्ट्स फाइलमध्ये टाकतात, आणि परत येताना एखाद्या सर्व्हरवर ती ओळ तशीच राहते. टाकतानाच ओळीच्या शेवटी हॅश देऊन तारीख आणि चेंज नंबर लिहिण्याची सवय लावून घ्या.

आता परवानग्या, कारण खरी डोकेदुखी इथे आहे. हार्डनिंग केलेल्या, म्हणजे सुरक्षेसाठी कडक केलेल्या, सर्व्हरवर रूटचा (मुख्य अ‍ॅडमिन युजरचा) युमास्क ०७७ असू शकतो; नव्या फाइलच्या कोणत्या परवानग्या काढून घ्यायच्या, हे युमास्क ठरवतो. अशा वेळी होस्ट्सची नवी फाइल बनवून ‘एमव्ही’ने जागेवर ठेवली, तर तिची परवानगी ६०० होते, म्हणजे फक्त मालकच वाचू-लिहू शकतो. रूटने तपासलं तर सगळं ठीक; अ‍ॅप्लिकेशनचा युजर मात्र फाइल वाचूच शकत नाही. परवानगी ६४४ हवी, म्हणजे बाकीचेही वाचू शकतात. एसई-लिनक्स (फाइलला लेबल लावून प्रवेश ठरवणारी जादा सुरक्षा) चालू असेल तर होम डिरेक्टरीतून हलवलेली फाइल तिथलं लेबलही सोबत आणते, ते मूळ जागेला साजेसं करायला ‘रिस्टोअरकॉन’ चालवा. आणि गेटेंट नेहमी अ‍ॅप्लिकेशनच्या युजरने चालवून बघा, फक्त रूटने नाही.

क्रमाच्या ओळीत चौकोनी कंसात ‘नॉटफाउंड=रिटर्न’ दिसलं तर थांबून वाचा. त्याचा अर्थ: आधीच्या स्रोताने ‘असं नाव नाही’ म्हटलं की शोध तिथेच संपवा. उबुंटू डेस्कटॉपवर हे ‘एमडीएनएस४_मिनिमल’ या स्थानिक नेटवर्कवर नावं शोधणाऱ्या स्रोतानंतर येतं. ते फक्त ‘डॉट लोकल’वर संपणारी नावं बघतं, त्यामुळे कंपनीचं अंतर्गत डोमेन डॉट लोकल असेल तर डिग चालतं आणि पिंग पडू शकतं.

लॉगिन किंवा कनेक्शन दरवेळी ५ सेकंद अडकत असेल, तर संशय ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’वर, म्हणजे डीएनएस सर्व्हरचे (नेमसर्व्हरचे) पत्ते असलेल्या फाइलवर, घ्या. पहिला नेमसर्व्हर उत्तर देत नसेल, तर लायब्ररी मुळात ५ सेकंद वाट बघून दुसऱ्याकडे वळते. त्या फाइलमध्ये ३ पेक्षा जास्त नेमसर्व्हर लिहिले तरी पुढचे वापरले जात नाहीत. ‘ऑप्शन्स टाइमआउट:१’ने थांबणं कमी होतं, पण बंद पडलेला नेमसर्व्हर काढून टाकणं हाच खरा उपाय.

आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) ८ आणि ९ वर एनएसस्विच फाइल ऑथसिलेक्ट या ती फाइल आपोआप बनवणाऱ्या साधनाच्या ताब्यात असेल, तर वरच्या कॉमेंटमध्ये तसं लिहिलेलं असतं. तिथे हाताने केलेला बदल पुढे पुसला जातो. ‘युजर-एनएसस्विच डॉट कॉन्फ’मध्ये बदल करा आणि ‘ऑथसिलेक्ट अप्लाय-चेंजेस’ चालवा. बदलाआधी ‘सीपी -पी’ने प्रत घ्या आणि दुसरं सेशन उघडं ठेवा.

बदल केला तरी चालू प्रोसेसला तो लगेच दिसेलच असं नाही. जीलिबसी, म्हणजे लिनक्सची वर सांगितलेली सी लायब्ररी, तिच्या २.३३ (२०२१) आवृत्तीपासून एनएसस्विच फाइल बदलली की पुन्हा वाचली जाते; त्याआधी प्रोसेस ती एकदाच वाचायची, म्हणून रीस्टार्ट लागायचा. एनएससीडी (आधी मिळालेली उत्तरं साठवून ठेवणारी सेवा) चालू असेल तर ‘एनएससीडी -आय होस्ट्स’ने त्याची कॅश साफ करा. जावा आपली कॅश वेगळीच ठेवतं.

एआयएक्स या आयबीएमच्या युनिक्सवर फाइल वेगळी आणि मूळ क्रमही उलटा: काहीच लिहिलं नसेल तर आधी डीएनएस, शेवटी होस्ट्स फाइल. बदलायचं असेल तर ‘नेटएसव्हीसी डॉट कॉन्फ’मध्ये ‘होस्ट्स = लोकल, बाइंड’ (लोकल म्हणजे होस्ट्स फाइल, बाइंड म्हणजे डीएनएस). यापेक्षा वरचढ असतो एनएसऑर्डर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. कोणी तो अ‍ॅप्लिकेशनच्या प्रोफाइलमध्ये टाकून ठेवला असेल, तर फाइल कितीही बरोबर केली तरी त्या एका युजरसाठी काहीच बदलत नाही.

तिकीट पुढे पाठवावंच लागलं, तर त्यात अ‍ॅप्लिकेशनच्या युजरने चालवलेल्या गेटेंटचं आउटपुट, डिगचं आउटपुट आणि होस्ट्सची ओळ, हे तिन्ही चिकटवा.