दोन बादल्यांची, खालून पाणी ओढणारी कुंडी : टोमॅटो, वांगी, मिरचीसाठी

फळं धरलेला टोमॅटो एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज पितो. साध्या कुंडीत तेवढं पाणी मावत नाही. घातलेल्यातलं बरंचसं भोकातून वाहून जातं आणि दुपारी झाड मान टाकतं. तळाशी पाण्याची टाकी असलेल्या कुंडीत पाणी खाली साठतं, वरचं मिश्रण ते दिव्याच्या वातीसारखं ओढून घेतं. बाजारातल्या लहान तयार कुंड्यांची टाकी लिटर-दीड लिटरची असते. तेवढ्यात पालक भागतो, टोमॅटो नाही. म्हणून ती घरीच करावी.

साहित्य

पाण्यात मिसळणाऱ्या रंगाच्या २० लिटरच्या सारख्या मापाच्या दोन रिकाम्या बादल्या, श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा रिकामा डबा, सव्वा इंची पीव्हीसी पाइप अर्धा मीटर, नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा. ऑइलपेंट, थिनर किंवा कीटकनाशकाची बादली कितीही धुतली तरी भाजीसाठी नको. बादल्या पांढऱ्या असतील तर खालच्या बादलीला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळ्याने उजेड अडतो, त्यामुळे टाकीत शेवाळ धरत नाही. पांढऱ्याने पाणी तापत नाही.

जोडणी

१. एक बादली दुसरीत बसवा आणि उन्हात धरून दोन्ही तळांमधलं अंतर पाहा. ७-८ सेंटिमीटर असेल तर साधारण चार लिटर पाणी मावतं. अंतर कमी वाटलं तर खालच्या बादलीत विटेचे तुकडे ठेवून वरची उचलून घ्या.

२. वरच्या बादलीच्या तळाला मधोमध गोल भोक पाडा, श्रीखंडाच्या डब्याच्या काठापेक्षा किंचित लहान, म्हणजे डबा काठावर लटकून राहील. मिश्रण भरलेला हा डबाच वातीचं काम करतो. डब्याच्या बाजूंना आणि बुडाला ६ मिलिमीटरची १५-२० भोकं पाडा. डब्याचं बूड खालच्या बादलीच्या तळाला टेकलं पाहिजे. ते अधांतरी राहिलं, तर टाकीत पाणी असूनही झाड सुकतं.

३. तळाच्या उरलेल्या भागात तशीच वीसेक भोकं हवेसाठी, आणि कडेला, टाकीत पाणी भरायच्या पाइपापुरतं एक. पाइपाचं खालचं टोक तिरकं कापा. सरळ कापलेलं टोक तळाला चिकटून बसतं आणि पाणी उतरत नाही.

४. खालच्या बादलीला बाहेरून १० मिलिमीटरचं भोक पाडा, वरच्या बादलीच्या तळापेक्षा एक सेंटिमीटर खाली. हे भोक टाळलं तर बाकी सगळी मेहनत वाया. जादा पाणी इथून निघून जातं आणि पाणी व मिश्रण यांच्यात हवेचा थर राहतो. तो नसला की मुळं गुदमरून कुजतात. पानं पिवळी पडली की आपण आणखी पाणी घालतो, आणि झाड जातं.

५. या भोकाला आतून आणि पाइपाच्या तोंडाला वरून जाळी बांधा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात.

मिश्रण

अंगणातली माती इथे चालत नाही. काळी माती तर मुळीच नाही. डब्यात तिचा चिखल होतो आणि हवा संपते. एका बादलीला ९ लिटर भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ६ लिटर चाळलेलं गांडूळखत आणि ३ लिटर परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा भाताचं तूस घ्या. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते. त्यात क्षार असतात, म्हणून दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या. मिश्रणात दोन मुठी निंबोळी पेंड घाला.

आधी श्रीखंडाच्या डब्यात ओलं मिश्रण दाबून भरा. दाबायचं ते एवढंच. वरची बादली हलक्या हाताने भरा. मग वरून सावकाश पाणी घालत राहा, बाजूच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. कोरडं कोकोपीट खालचं पाणी ओढत नाही, त्यामुळे ही पहिली भिजवण चुकली तर कुंडी चालूच होत नाही.

लागवड

एका बादलीत टोमॅटोचं किंवा वांग्याचं एकच रोप, मिरचीची फार तर दोन. रोप २५-३० दिवसांचं असावं. मुळं खाली उतरेपर्यंत, म्हणजे पहिले दहा-पंधरा दिवस, वरूनही थोडं पाणी द्या. कोथिंबीर-मेथीचं बी उगवेपर्यंत हेच करावं लागतं, कारण वरचा बोटभर थर कोरडाच असतो. कढीपत्ता आणि कोरफड यांना कायमचा ओलावा सोसत नाही.

पाणी किती उरलं हे पाहायला पाइपात थर्माकोलचा गोळा लावलेली बारीक काडी सोडा. टाकी रिकामी झाल्यावर एखादा दिवस चालेल, पण मिश्रण पूर्ण वाळू देऊ नका. टोमॅटोला पाणी कधी जास्त, कधी कमी मिळालं की फळाचं बूड काळं पडतं.

जीवामृत, शेणाची स्लरी टाकीत ओतू नये. ती सडते, वास मारते, भोकं बुजवते. खत वरूनच द्यावं : फुलं आल्यावर दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत.

पाणी सतत खालून वर जात असल्यामुळे क्षार वरच्या थरात साठतात. बोअरवेलचं पाणी असेल तर लवकरच पांढरी पापडी दिसते. ती खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा वरून पाच-सहा लिटर साधं पाणी सोडून भोकातून वाहू द्या. पावसाळ्यात हे काम पाऊस करतो, पण तेव्हा मुळं बाजूचं भोक बुजवत नाहीत ना, हे दर आठवड्याला काडी घालून पाहावं. सलग झड लागली तर बादलीच्या तोंडावर मधे चीर दिलेलं प्लास्टिक बांधा.

भरलेली बादली वीसेक किलोची होते. बाल्कनीत ती कठड्यावर न ठेवता भिंतीलगत ठेवा.

पीक संपल्यावर मुळं काढून टाका, मिश्रण उन्हात पसरा, एक तृतीयांश नवं गांडूळखत मिसळा. टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली. त्यांचे रोगही सारखे, म्हणून त्या बादलीत पुढचं पीक पालकाचं किंवा घेवड्याचं घ्या.