शर्मनवरचा कारखान्यातला चिखल उतरवताना

खोकं उघडून शर्मन (दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रणगाड्याचं रंगवून आलेलं मॉडेल) टेबलावर ठेवला, तर आई म्हणाली, "एवढे पैसे मोजलेस आणि गंजका घेऊन आलास?" तिला वेदरिंग म्हणजे मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं रंगवणं, हे समजवायला गेलो आणि मध्येच गप्प झालो, कारण तिचं बरोबर होतं. १:३२ चा, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढा एम४ए३ (शर्मनचाच एक प्रकार), घडण सुरेख. पण कारखान्यात कुणीतरी एअरब्रशने तळापासून टरेटपर्यंत (वरच्या फिरत्या बुरुजापर्यंत) सरसकट तपकिरी फवारा मारलेला आणि वर प्रत्येक कडेला चंदेरी ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने घासलेला रंग. लढाईतून नव्हे, भंगारवाल्याकडून आल्यासारखा दिसत होता.

बाटल्या उघडण्याआधी काय घालवायचं आणि काय ठेवायचं ते ठरवा. १:३२ मध्ये १ मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर ३.२ सेंटिमीटर, जवळजवळ दोन बोटं रुंद. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंचुरियन रणगाड्याशेजारी उभा राहून मी दोन बोटं हवेत धरून पाहिली. इतके रुंद चकचकीत पट्टे सगळ्या कडांना, ही कल्पनाच हास्यास्पद वाटली. गंजाचंही तेच. फ्रान्समध्ये नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरलं ६ जून १९४४ ला, युरोपातलं युद्ध संपलं ८ मे १९४५ ला. अकरा महिन्यांत जाड पोलादी बाजूंवर गंजाचे ओघळ येतील कुठून? एक्झॉस्ट मात्र तापून आणि भिजून लवकर गंजतो, तिथला गंज राहू द्या. चाकांवरचा आणि खालच्या हलवरचा (धडावरचा) चिखलही राहू द्या. पांढरा ताराही (दोस्त सैन्याची खूण) फार घासूनपुसून लख्ख करू नका. शत्रूच्या तोफचीला नेम धरायला तो आयताच सापडायचा, म्हणून कितीतरी क्रू त्यावर चिखल फासत किंवा तो रंगवून टाकत.

आधी आंघोळ. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब, आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश. मॉडेल पाण्यात बुडवू नका, आतले स्क्रू गंजतात आणि मग खराखुरा गंज बघावा लागतो. नुसती भुकटी चिकटवलेली असेल तर ती इथेच जाते. माझ्याकडे निम्मी धूळ अशीच गेली.

उरलं ते कशाचं आहे हे तळाशी तपासा, जिथे कुणी बघत नाही. कान साफ करायचा कापसाचा बड मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि पृष्ठभागावर लाटण्यासारखा फिरवा. घासायचं नाही. बडला तपकिरी रंग आला आणि हिरवा आला नाही, तर तुमचं नशीब थोर: वॉश (पातळ करून फासलेला रंग) इनॅमलचा किंवा ऑइलचा आहे, याच पद्धतीने हळूहळू निघेल. एक बड, एक पट्टा, मग नवा बड. पॅनेलच्या सांध्यात थोडा तपकिरी मुद्दाम सोडा, नाहीतर खेळणं दिसेल.

टर्पेंटाइनने काही हललं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, निम्मं पाणी घालून. इथे मात्र सावध. कारखान्याचा मूळ रंगही अल्कोहोलने सुटू शकतो, आणि तारे-आकडे छापलेले असतात, ते तर क्षणात जातात. माझ्या डाव्या बाजूच्या ताऱ्याचं एक टोक असंच बडबरोबर निघून आलं. वर चिकटपट्टी लावून वाचवावं म्हणाल, तर पट्टीबरोबरही छपाई उचलली जाते. ताऱ्यापासून दोन मिलिमीटर लांबच थांबा. बडवर हिरवी झाक दिसली की त्या क्षणी हात आवरा.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. बॉडी धातूची असली तरी हॅच (आत शिरायची दारं), चाकं, अवजारं बहुधा प्लास्टिकची. पहिल्या मॉडेलवर मी थिनर वापरला होता. हॅचचं झाकण गुळाच्या पाकासारखं ओढलं गेलं, तार धरली अक्षरशः.

कशानेच हललं नाही तर रंग वार्निशच्या खाली आहे. मग काढत बसू नका, झाका. ऑलिव्ह ड्रॅब (रणगाड्याचा मळकट हिरवा) अ‍ॅक्रिलिक एक भाग, त्याच रंगाचा थिनर आठ-दहा भाग. ब्रश टिश्यूवर टिपून पातळ थर द्या, वाळू द्या, परत द्या. पहिल्या थराने काहीच झालं नाही असं वाटेल. तिसऱ्या-चौथ्याला तपकिरी मागे सरकतो आणि रंगाला खोली येते. चंदेरी कडांवर हेच मिश्रण जरा दाट करून बारीक ब्रशने ओढा. हॅचच्या कडेला, जिथे बुटांनी खरंच झिजेल, तिथली चंदेरी मी ठेवली.

ट्रॅक बघून मला सगळ्यात जास्त चीड आली. शर्मनचे सगळे ट्रॅक पोलादी नसत, पुष्कळांना रबरी ब्लॉक असत. माझ्या मॉडेलचे ब्लॉक स्पष्ट रबरी, आणि वर चांदीचा मुलामा! रबर चमकेल कसं? ब्लॉक गडद करड्या रंगाने झाका. चमक हवीच तर दोन ब्लॉक जोडणाऱ्या कडेच्या लोखंडी कड्यांवर ठेवा, ते जमिनीला घासतात.

शेवटी मॅट वार्निशचा स्प्रे, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, दोन हलके हात, खिडक्या उघड्या ठेवून. मात्र पावसाळ्यात नको. मी जुलैत मारला आणि दमट हवेने अख्खा शर्मन भस्म फासल्यासारखा पांढरा पडला. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात त्याच वार्निशचा एक हात परत दिला, तेव्हा बराचसा पांढरेपणा गेला. इंजिन डेकच्या जाळीत अजून थोडा आहे, तो मी धूळ म्हणून खपवतो.