पूर यायच्या आधी गल्लीनं काय काय ठरवून ठेवायचं (कोल्हापूर-सांगलीकडच्यांसाठी)

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं सगळे एकच विचारत असतात, पाणी किती फुटावर गेलं? कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. पण हे झाले नदीचे आकडे, तुमच्या गल्लीचा वेगळा असतो. जुन्या माणसांना विचारा, २००५, २०१९, २०२१ ला बंधाऱ्यावर किती फूट असताना आपला रस्ता बंद झाला, आणि तो आकडा समाजमंदिराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून टाका. घराचा नाही बरं का, रस्त्याचा. ओढ्याला फुगवटा येऊन रस्ता आधी जातो, उंबरा कोरडा असतो आणि आपण अडकलेलो असतो. त्या आकड्याच्या दोन फूट आधीच निघायचं.

जनावरं पहिली हलवायची. माणसं मागं राहतात ती बऱ्याचदा म्हशीपायीच, "धार कोण काढणार" म्हणत. म्हणून मे महिन्यातच ठरवा, वरच्या अंगाला कुणाच्या पाव्हण्याच्या गोठ्यात कुणाची जनावरं, टेम्पो कुणाचा, वैरण कोण पोचवणार. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. आणि नाहीच जमलं न्यायला तर निदान दावी सोडून द्या, बांधलेलं जनावर पोहूही शकत नाही.

वहीत यादी करा, मोबाईलवर नको, चार्जिंग संपतं. अंथरुणाला खिळलेली, गरोदर बाया, डायलिसिसवाले, इन्सुलिनवाले, एकटी राहणारी म्हातारी माणसं, आणि प्रत्येकाच्या नावापुढं त्याला आणायला कोण जाणार त्या पोराचं नाव. ग्रुपवर "धरण फुटलं" आलं की फॉरवर्ड करायचं नाही, एकानंच जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ नंबरला फोन लावून विचारायचं आणि बाकीच्यांना सांगायचं.

बोट आली तर झुंबड नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. गावात बोट असेल तर इंजिन पावसाआधी चालू करून बघा आणि लाइफ जॅकेट मोजा, ती कुठल्या खोलीत कुलपात आहेत नि किल्ली कुणाकडं हेसुद्धा.

पाणी ओसरल्यावर मेन स्विच लगेच चालू करू नका, वायरमनला बोलवा. पाणी उकळूनच प्या. अडगळीत हात घालताना आधी काठी, साप असतात. आणि चिखल काढायची कितीही घाई असली तरी पंचनाम्यासाठी आधी फोटो, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि घर नंबर एकाच फोटोत येईल असा.