गाडी गेटबाहेर पडण्याआधी: लघुउद्योगाने उधारीची जोखीम कशी आटोक्यात ठेवावी

माल गेला, बिल झालं, जीएसटीही खिशातून भरला आणि पैसे मात्र पार्टीकडेच. लहान वर्कशॉप आगीपेक्षा अशा थकलेल्या येण्यामुळे जास्त वेळा अडचणीत येतं.

१. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे लघुउद्योग म्हणून नोंदणी, माल देण्याआधी करा. ती फुकट होते. नंतर केलेल्या नोंदणीवर हमखास वाद निघतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. निव्वळ व्यापाऱ्याला मात्र विलंबित देयकाचं, म्हणजे उशिरा येणाऱ्या पैशाबाबतचं, कायदेशीर संरक्षण मिळत नाही.

२. नवी पार्टी असेल तर जीएसटी पोर्टलवर तिचा क्रमांक टाकून विवरणपत्रं वेळेवर भरली जातात का, ते पाहा. पहिल्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ घ्या. उधारीची मर्यादा रुपयांत ठरवा: ही पार्टी पूर्ण बुडाली तरी दोन महिने पगार आणि बँकेचा हप्ता निघेल, इतकीच.

३. पैसे देण्याची मुदत पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, लेखी घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. करार नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० दिवस छापलेले असले म्हणून ते कायदेशीर होत नाहीत.

४. मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर सही, शिक्का आणि तारीख, तिन्ही घ्या. सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच लंगडी पडतात. मालाबद्दल लेखी तक्रार १५ दिवसांत आली नाही, तर माल पोहोचला तो दिवसच स्वीकृतीचा धरतात आणि मुदत तिथून मोजतात. पण पोचच नसेल तर सहा महिन्यांनी ‘माल खराब होता’ हे उत्तर ऐकावं लागतं.

५. मुदतीच्या आठवडाभर आधी फोन, उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी ईमेल. मर्यादा ओलांडली की पुढची गाडी थांबवा. नव्या ऑर्डरच्या मोहापायी हे होत नाही, आणि दहा लाखांचे वीस होतात.

६. ईमेलमध्ये व्याजाचा उल्लेख करा: रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. शिवाय आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चपर्यंत दिलं नाही, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. मार्चमधला फोन म्हणूनच लागू पडतो! तरीही पैसे आले नाहीत, तर सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, ऑनलाइन अर्ज करा.

७. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. ‘पुन्हा टाका, या वेळी वटेल’ असं पार्टी म्हणाली तरी तारखा वहीत लिहून ठेवा.