महिला हँडबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवताय? आधी रेझिनचं बोला

व्हिसा, हॉटेल, बस, विमा हे कुणी सांगायला नको. राष्ट्रगीताची फाइल त्या त्या संघाकडूनच मंजूर करून घ्या आणि हॉलच्या स्पीकरवर शेवटपर्यंत वाजवून बघा. झालं.

आता रेझिन, म्हणजे चेंडू हातात पक्का बसावा म्हणून खेळाडू बोटांना लावतात तो चिकट पदार्थ. हॉल बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हा, भाड्याचा नंतर: इथे रेझिन चालतं का? बऱ्याच बहुउद्देशीय हॉलमध्ये चालत नाही आणि ते करारात मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं. चालत असेल तर तसं लेखी घ्या आणि सफाई कुणाची तेही त्याच कागदावर येऊ द्या. चालत नसेल तर संघांना निमंत्रणातच कळवा. वर्षभर रेझिन लावून खेळणाऱ्या संघाला ते न लावता खेळायचंय हे उतरल्यावर कळलं तर भांडण ठरलेलं, आणि त्यात चूक त्यांची नसेल.

चालतंय म्हणून सुटलात असं समजू नका. प्रत्येक खेळाडू आपापला डबा आणते आणि प्रत्येकीचं रेझिन वेगळं. पाण्याने निघणारं एकच उत्पादन ठरवा, ते तुम्हीच पुरवा आणि डबा फक्त बाकाजवळ ठेवा. चेंजिंग रूममध्ये नेऊ देऊ नका, नाहीतर दाराच्या मुठी, नळ, दिव्यांची बटणं सगळं चिकट होतं. बुटांवर रेझिनचा साठा ठेवायला नियमाची हरकत नाही. हातावर, मनगटावर ठेवायला आहे, कारण ते समोरच्या खेळाडूच्या डोळ्यांत, तोंडावर जाऊ शकतं. पण बुटांवरचा साठाच शेवटी जमिनीवर येतो.

तो कुठे येतो ते एका सराव सामन्यानंतर वाकून बघा. गोलपासून 6 ते 9 मीटरच्या पट्ट्यात, दोन्ही विंगच्या (कडेने खेळणाऱ्यांच्या) कोपऱ्यांत आणि पेनल्टीच्या 7 मीटरच्या रेषेपाशी काळपट डाग दिसतील. बोट टेकवलं तर उचलताना ओढ लागते, वर धूळ आणि धागे बसलेले असतात. अशा जागी बूट रुततो, वरचं शरीर वळतं आणि गुडघा मधे सापडतो. एसीएलची, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य अस्थिबंधाची दुखापत महिला हँडबॉलमध्ये पुरुषांपेक्षा जास्त होते, त्यामुळे ही सफाई दिसण्यासाठी नाही.

सफाईचं द्रावण जमीन बघून निवडा. लाकडी जमिनीवर जहाल द्रावण वापरलं तर वरचं पॉलिश निघतं. जाहिरातींचे स्टिकर असतील तर त्यांच्या कडा सुटतात आणि त्यात पाय अडकतो. म्हणून आधी कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघा. द्रावण लावा, थोडं मुरू द्या, घासा, साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा. शेवटच्या दोन पायऱ्या गाळल्या तर चिकट जमीन निसरडी होते, म्हणजे रोग बरा पण रोगी गेला. घाम पुसणारी मुलं वेगळी, रेझिन काढणारी माणसं वेगळी. घामाच्या मॉपने रेझिन फक्त पसरतं.

याला वेळ लागतो आणि तो वेळापत्रकात कुठेच नसतो. 30 मिनिटांचे दोन डाव, मधली 10 किंवा 15 मिनिटं, प्रत्येक संघाचे तीन टाइमआउट, जमीन पुसायला थांबलेलं घड्याळ असं धरून सामना दीड तासाचा. त्यात वॉर्मअप मिळवा. दोन सामन्यांच्या सुरुवातीत दोन तास ठेवले की सफाई हमखास उडते. अडीच तास ठेवा. बाद फेरीत अजून सोडा: जादा वेळ म्हणजे 5 मिनिटं विश्रांती, मग 5-5 मिनिटांचे दोन डाव आणि मधे 1 मिनिट. हे दोनदा होऊ शकतं, म्हणजे 32 मिनिटं, आणि तरी बरोबरी असेल तर 7 मीटरचे थ्रो.

कोर्ट 40 बाय 20 मीटर, सगळ्यांना माहीत आहे. बाजूला किमान 1 आणि गोलमागे 2 मीटर मोकळी जागा आहे का ते टेप लावून बघा. जाहिरातीचे फलक नेमके तिथेच सरकतात. रेषा 5 सेंटीमीटरच्या, पण दोन खांबांमधली गोलरेषा 8 सेंटीमीटरची, खांबांइतकीच रुंद. रंगारी तीही 5 ची मारतो. गोल जमिनीला किंवा भिंतीला पक्का बांधलेला हवा. मागे वाळूच्या पिशव्या टाकणं म्हणजे बांधणं नव्हे.

चेंडू 2 नंबरचा: घेर 54 ते 56 सेंटीमीटर, वजन 325 ते 375 ग्रॅम. दर सामन्याला किमान दोन. चेंडूवर साचलेलं रेझिनही काढावं लागतं, थर चढला की चेंडू एकसारखा उसळत नाही. हात पुसायचे टॉवेल वेगळे ठेवा, ते हॉटेलच्या धुण्यात जाऊ देऊ नका.

जर्सीचे रंग तांत्रिक बैठकीत ठरवा, फोटोवर नाही, प्रत्यक्ष कपडे टेबलावर मांडून. दोन संघ आणि दोन गोलकीपर असे चार रंग वेगळे हवेत; काळा पंचांसाठी राखून ठेवा. पाठीवरचा नंबर किमान 20 सेंटीमीटर उंच, पुढचा किमान 10. गोलकीपर काढून सातवी खेळाडू उतरवताना गोलकीपरच्या रंगाचा शर्ट लागत नाही, हे 2016 पासून आहे. तरी वेळ आणि गोल नोंदणाऱ्यांच्या टेबलावर वाद होतो. त्या टेबलावरच्या माणसांना हेही पाठ हवं: टाइमआउट एका डावात जास्तीत जास्त दोन, शेवटच्या 5 मिनिटांत एकच. टाइमआउट मागायची हिरवी कार्डं जास्तीची ठेवा. आणि हो, घड्याळाच्या बटणांवरचं रेझिन पुसा, अडकलेलं बटण ऐन वेळी दबत नाही.

डोपिंग चाचणीची खोली कुलूपबंद, आत स्वच्छतागृह, सीलबंद पाणी. नमुना देताना समोर बाईच हवी. ती ठरवा आधी, शोधू नका नंतर. चेंजिंग रूममध्ये सॅनिटरी पॅड आणि झाकणाचे डबे. टाचण्या नसलेला, मऊ कापडाचा हिजाब चालतो, दारावर कुणी अडवू नये.

बर्फ, स्ट्रेचर, रुग्णवाहिका, जनरेटर: कळतंच. तक्रारीचे फॉर्म छापून ठेवा. पदकं 16 खेळाडूंपुरती मोजू नका, संघाचे अधिकारीही धरा.