श्रीलंकेहून परतलेल्या माजी सैनिकाच्या आठवणी लिहून घेताना

भारतीय शांतिसेनेतून 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत राहून आलेले जवान आता साठी-सत्तरीत आहेत. आमच्या बीड जिल्ह्यात 15 ऑगस्टच्या भाषणांत कारगिलचा उल्लेख होतो, श्रीलंकेचा होत नाही, आणि हे लोक स्वतःहून तो विषय काढत नाहीत. माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या, आठवणी मी दोन वर्षे थोड्या थोड्या लिहून घेतल्या. आपल्या घरातही असा कोणी असेल, तर पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

प्रश्न विचारण्यापूर्वी त्या युद्धाचा क्रम नीट समजून घ्यावा, कारण प्राथमिक माहितीही समोरच्यानेच आपल्याला द्यावी लागली, तर तो लवकर थकतो. पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत करार केला, तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घेण्यासाठी आपले सैन्य तेथे गेले, आणि ज्या तमिळ वस्त्यांत प्रारंभी जवानांचे हार घालून स्वागत झाले, त्याच वस्त्यांच्या रस्त्यांवर ऑक्टोबरपासून सुरुंग फुटू लागले. हे सुरुंग लिट्टे या स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचे होते, आणि तिच्या तरुणांना पूर्वी भारतातच प्रशिक्षण मिळाले होते. सुमारे 1200 भारतीय सैनिक तेथे कामी आले, आणि शेवटची तुकडी 24 मार्च 1990 रोजी परतली. आपण कशासाठी गेलो होतो, हा प्रश्न जवानाच्या मनात का राहिला, हे या क्रमावरूनच ध्यानात येते.

तारखांचा आग्रह धरू नये; वर्षे जोडण्यासाठी आपल्याकडच्या खुणा वापराव्यात. नानांना महिना आठवत नव्हता, पण उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात असताना दिवाळी आली होती, हे पक्के आठवत होते. 1987ची दिवाळी ऑक्टोबरात होती आणि जाफना शहरासाठीची लढाईही त्याच महिन्यात झाली, त्यामुळे तो भाग जागेवर बसला. परतल्यानंतरच्या घटना आम्ही 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारी भूकंपाच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा विभागल्या. जुनी पेटी उघडायला सांगावे. त्यात डिस्चार्ज बुक, ‘श्रीलंका’ अशी पट्टी असलेले विदेश सेवा पदक आणि एपीओच्या (सैनिकी टपाल कार्यालयाच्या) पत्त्याची पत्रे मिळाली, तर त्यांवरून पुष्कळ उलगडते.

पहिल्याच दिवशी माझ्याकडून मोठी चूक झाली. ओसरीवर पोरेबाळे बसलेली असताना मी मोबाइल समोर धरला आणि “नाना, तुम्ही किती मारले?” असे विचारले. ते काही न बोलता उठून गोठ्याकडे गेले आणि पुढे तीन महिने तो विषय निघाला नाही. म्हणून बोलणे नेहमी एकांतात करावे, शक्यतो हाताला काही काम असताना. आमचे खरे बोलणे ज्वारीच्या राखणीला बसल्यावर सुरू झाले. शौर्याबद्दल विचारू नये. पाणी कोठून आणत होता, रात्री झोप कशी लागत होती, गावाकडचे पत्र किती दिवसांनी येई, असे विचारावे. नाना ताडाच्या झाडांबद्दल आणि तिथल्या घरांपुढच्या विहिरींबद्दल बोलू लागले, आणि त्या विहिरींवरूनच एका घराच्या झडतीपर्यंत आले.

येथे सर्वांत जास्त जपावे लागते. या युद्धात सामान्य तमिळ माणसेही मारली गेली. जाफन्याच्या रुग्णालयात ऑक्टोबर 1987 मध्ये रुग्ण आणि कर्मचारी भारतीय सैनिकांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. आपला माणूस अशा गोष्टींकडे वळला, तर त्याला अडवू नये, त्याची बाजू सावरू नये, आणि न्यायाधीशही होऊ नये. त्याने सांगितले तेवढेच, त्याच्या शब्दांत लिहावे. मी एके ठिकाणी ‘शत्रू’ लिहिले होते. वाचून दाखवल्यावर नानांनी ते खोडायला लावले आणि म्हणाले, “पोरं म्हण. पंधरा-सोळा वर्षांची पोरं होती ती.” आठवण आणि इतिहास यांत फरक आढळला, तर मजकूर बदलू नये, शेजारी वेगळी टीप लिहावी.

परत आल्यानंतरचा काळ विचारायला विसरू नये. 21 मे 1991 रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली, ती बातमी त्यांनी कोठे ऐकली? 2009च्या मे महिन्यात लिट्टेचा पाडाव झाला, तेव्हा त्यांना काय वाटले? माझ्या मते या दोन उत्तरांत सर्वाधिक ऐवज असतो, कारण तोपर्यंत मनातला हिशेब बराच काळ घोळलेला असतो.

बोलल्यानंतर झोप उडाली, जेवण कमी झाले किंवा माणूस गप्प गप्प राहू लागला, तर काम थांबवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तिथे फोन करण्यात कमीपणा मानू नये.

प्रत्येक बैठकीची तारीख पानाच्या वर लिहावी, हस्तलिखिताच्या दोन प्रती कराव्यात आणि ध्वनिमुद्रण एकाहून अधिक ठिकाणी ठेवावे. कोणता भाग कोणाला दाखवायचा, हे सांगणाऱ्याने ठरवावे. नानांनी चार पाने वेगळी काढून पाकिटात बंद करायला लावली, त्यावर स्वतः सही केली, आणि ते पाकीट पदकाच्या डबीखाली ठेवून पेटीची किल्ली काकूंकडे दिली.